वर्तमानपत्राचा फलाट

माझी सगळी नोकरी बोलण्यात गेली. कंधारच्या बसस्थानकात मी कंट्रोलर होतो. काचेच्या खोलीत बसून माइकवर सांगायचं, कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती सुटतेय, कोणती रद्द झाली. रिटायर व्हायच्या थोडं आधी तिथं यंत्र आलं. त्यात कुणा शहरी बाईचा आवाज भरलेला. ती माळाकोळी गावाला 'मालाकोली' म्हणायची आणि प्रवासी मुकाट्याने गाडीत चढायचे. मला त्या बाईचा राग यायचा. अजून येतो.

माझी बायको धुरपता गेल्यावर मी घरात एकटाच उरलो. भाकरी थापता येत नव्हती असं नाही, पण कुणासाठी थापायची हा प्रश्न होता. अशात एके दिवशी लातूरहून मुलाचा, आदर्शचा फोन आला.

"अण्णा, किती दिवस एकटं राहता? या इकडं. लुंबिनी सारखी तुमची आठवण काढून राहिली. तुमची खोली रिकामीच आहे."

लुंबिनी माझी नात. 'तुमची खोली' असं तो म्हणाला. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. गॅस शेजाऱ्यांना देऊन टाकला. पलंग व्यंकटीला दिला. व्यंकटीचं स्टँडवर चहाचं हॉटेल आहे आणि माझ्या अर्ध्या नोकरीचा चहा त्यानेच पाजलाय. निघायच्या दिवशी ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनी मला शाल पांघरली. "साहेबाला पोरानं नेलं, नशीब लागतं," असं म्हणत व्यंकटीने डोळे पुसले. मग स्टँडवरच्या पोरांनी घटकाभर यंत्र बंद केलं आणि मला काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. मी घसा साफ करून माइकवर म्हणालो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कंधार, लोहा, अहमदपूर मार्गे लातूरला जाणारी गाडी सुटत आहे." आणि त्याच गाडीत जाऊन बसलो. सगळ्या स्टँडने टाळ्या वाजवल्या. आता परत येण्याचा प्रश्नच नाही, असं तेव्हा मला वाटलं होतं.

लातूरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि आतून लोकरीच्या गुंड्यासारखं एक पिल्लू धावत आलं. माझ्या बुटाला हुंगलं, बुटावर मुतलं. सगळे हसले. मीही हसलो.

"अण्णा, हा मोमो," आदर्श म्हणाला. "शित्झू जातीचा आहे. लहानच राहतो हा. अजून सगळ्या लसी व्हायच्यात, म्हणून खाली नेता येत नाही. बाल्कनीत पेपर टाकायचा आणि त्याच्यावरच करायची सवय लावायची. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तुम्ही घरीच आहात तर…"

मला घरी येऊन अजून चहाही झाला नव्हता.

आदर्श वीज कंपनीत अभियंता आहे. सून मैत्री एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. मूत्रपिंडाचं काम कसं चालतं हे ती वर्गभर पोरांना फळ्यावर काढून दाखवते, पण हॉलमध्ये इवलंसं थारोळं दिसलं की ओढणी नाकाला लावून ओरडायची, "मामा!" मग मामांनी, म्हणजे मी, फडकं घेऊन पळायचं. मोमोला घरातली कोणतीच जागा वर्ज्य नव्हती. पायपुसणं झालं, सोफ्याचा पाय झाला, क्लासमधल्या पोरांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा झाला. सगळ्यात जास्त आवडायचं ते माझं अंथरूण. खोलीत पलंग नव्हता, 'बघू, करू' असं चाललं होतं, म्हणून माझी गादी खालीच असायची.

फरशी पुसायला आणि भांड्यांना शबाना यायची. एकदा मी गुडघ्यावर बसून हॉल पुसत होतो. ती ओट्यापाशी भांडी लावत होती. तिला बघवलं नसावं.

"चाचा, मी तं ताईला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं," ती म्हणाली. "बाकी सगळं करते, पर कुत्र्याचं मूत पुसनार न्हाई. कपडे नापाक होतात, नमाज राहते माझी. दुसरी बाई बघा म्हनलं. तर साहेब म्हनले, बाई कशाला, अण्णांनाच बोलवून घेतो."

तिने ते सहज सांगितलं. मी फडकं पिळलं, वाळत टाकलं आणि खोलीत जाऊन बसलो.

शबानाचा मला राग आला नाही. तिला कुणी विचारलं तरी होतं. ती नाही म्हणाली आणि तिचं ऐकलंही गेलं. माझ्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावाने पाणी बंद केलं, तो हटला नाही. "काम कोनतं बी असू दे," तो म्हणायचा, "पर मला इचारून द्या. हुकूम सोडून न्हाई." त्याचा मुलगा मी, आणि मला माझ्याच पोराने कुत्र्याच्या मुतासाठी बोलावून घेतलं, तेही नातीच्या आठवणीचं नाव पुढे करून. मूत पुसायची मला लाज नाही. धुरपताच्या शेवटच्या दिवसांत मी याहून जास्त पुसलंय. आदर्श फोनवर म्हणाला असता की अण्णा, पिल्लू आणलंय, आम्हाला जमत नाही, मदतीला या, तर मी त्याच दिवशी गाडीत बसलो असतो. पण त्याने सांगितलं नाही. हे मला लागलं.

तेव्हाच ट्रंक उचलून निघायला पाहिजे होतं. पण कंधारहून शाल पांघरून आलो होतो. तिथं काय तोंड दाखवायचं? आणि लुंबिनी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी माझ्या खोलीत यायची. मी हिशेब मांडला, की कुत्रं शिकवून दाखवलं तर मी उपयोगाचा माणूस ठरतो, आणि उपयोगाच्या माणसाला घरातून कोण काढतं? आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या, पण इतका चुकीचा हिशेब मी कधी केला नव्हता.

मग मी मोमोवर नजर ठेवायला लागलो. गाडी स्टँडमध्ये शिरली की फलाटाला लागण्याआधी एक वळसा घेते. मोमोचंही तसंच होतं. झोपून उठला, खाऊन झालं, खेळून दमला, की जमीन हुंगत गोल फिरायचा. त्याने वळसा घेतला की मी त्याला उचलून बाल्कनीतल्या पेपरवर ठेवायचो. पण तो तिथून उडी मारून पळायचा. एकदा असाच पळणार, तेवढ्यात माझ्या तोंडून स्टँडच्या आवाजात निघून गेलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! कंधार, लोहा, अहमदपूर मार्गे लातूरला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे!"

मोमो दचकला. कान टवकारून माझ्याकडे बघत राहिला आणि बघता बघता पेपरवरच मोकळा झाला. लुंबिनी दारात उभी होती, ती टाळ्या पिटत नाचली. मी म्हणालो, "गाडी सुटली," आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्या तोंडात दिला.

तेव्हापासून तीच रीत पडली. वळसा दिसला की मी पुकारा करायचो. पुढे पुढे उचलावंही लागेना. मी नुसतं "प्रवाशांनी" म्हटलं की मोमो असेल तिथून पळत बाल्कनीत जायचा, पेपरच्या मधोमध बसायचा आणि काम उरकून अंड्यासाठी माझ्या पायाशी यायचा. खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. मी लाजलो नाही. किती तरी दिवसांनी माझ्या आवाजावर कुणीतरी जागेवरून उठत होतं.

पेपर टाकण्याआधी मी तो पानापानाने चाळायचो. बाबासाहेबांचा किंवा बुद्धाचा फोटो असला की ते पान काढून घडी करून गादीखाली ठेवायचो. धुरपता अशा पानात भाकरीसुद्धा बांधत नव्हती. आदर्श एकदा ते बघून हसला.

"अण्णा, कुत्र्याला काय कळतं त्यातलं?"

"कुत्र्याला नसंल कळत," मी म्हणालो. तो मोबाइलमध्ये बघायला लागला.

उन्हं तापायला लागली तोवर घर कोरडं झालं होतं. मैत्रीच्या मैत्रिणी आल्या की ती मला हाक मारायची. "मामा, दाखवा ना आमच्या मोमोची गंमत." मी पुकारा करायचो, मोमो पळायचा, बायका हसून हसून लाल व्हायच्या. मलाही बरं वाटायचं. कशाला खोटं बोलू?

एकदा सुतार आला. माझ्या खोलीत शिरून त्याने भिंतीचं माप घेतलं, गादी होती नेमकी त्याच कोपऱ्यातलं. मी काही विचारलं नाही. पलंग होतोय, हे दिसतच होतं. मी त्याला चहा करून दिला आणि उंची जरा कमी ठेव म्हणालो, गुडघे दुखतात. तो माझ्याकडे बघून गोंधळला. "टेबलाची उंची, आजोबा?" त्याने विचारलं. "अभ्यासाचं टेबल सांगितलंय साहेबांनी."

त्या संध्याकाळी आदर्श माझ्याजवळ येऊन बसला. मी आल्यापासून तो असा पहिल्यांदाच बसला होता.

"अण्णा, तुम्ही कमाल केली. आम्हाला वाटलं नव्हतं इतक्या लवकर शिकंल." मग थोडं थांबून म्हणाला, "आता जयंती जवळ आली. तुम्हाला इथं करमायचं नाही. कंधारला मिरवणूक, विहार, सगळे तुमच्या ओळखीचे. मी तिकीट काढून ठेवलंय मोबाइलवर. खिडकीची सीट आहे."

"जयंती लातूरला पण असते," मी म्हणालो.

"असते हो. पण तिथली मजा वेगळी ना?"

मैत्री आतून आली. "मामा, लुंबिनीला पण आता अभ्यासाला खोली लागते. तुम्ही मग हॉलमध्ये झोपणार, ते आम्हालाच बरं वाटायचं नाही."

दोघंही गोडच बोलत होते. भांडले असते तर मला चार शब्द बोलता तरी आले असते. मी विचारणार होतो की जयंती झाल्यावर कधी येऊ. पण विचारलं नाही, कारण उत्तर काय येणार ते मला ऐकायचं नव्हतं.

ट्रंक मैत्रीनेच भरून ठेवली होती. कपड्यांना इस्त्री केलेली, धुरपताचा फोटो फुटू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. ते पान चाळून घेतलं होतं की नाही, मी बघितलं नाही. लुंबिनी माझ्या कमरेला मिठी मारून रडली. मोमो दारात बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटत असावं, आता मी काहीतरी बोलेन. मी ट्रंक उचलली.

कंधारला उतरलो तेव्हा ती यंत्रातली बाई 'मालाकोली'च म्हणत होती. व्यंकटीने हॉटेलातून हात केला.

"कंट्रोलर साहेब! सुट्टीवर आले का?"

"हाव. जयंतीला आलो."

"जयंती झाली की जानार?"

"बघू," मी म्हणालो.

त्याने माझी ट्रंक पाहिली. शाल घेऊन गेलो होतो तेव्हाचीच ती ट्रंक. दुसऱ्या दिवशी माझा पलंग हातगाडीवर घालून घेऊन आला आणि म्हणाला, "मला लई मोठा होऊन राहिला. जागाच न्हाई घरात." खोटं बोलत होता. त्याच्या घरात चारी पोरं जमिनीवर झोपतात.

जयंती झाली. मिरवणुकीत मी मागच्या रांगेत चाललो, म्हणजे कुणी काही विचारायला नको. नंतर एका सकाळी आदर्शचा फोन आला. आवाज रडकुंडीला आलेला.

"अण्णा, मोमो पार बिघडला हो. पेपर टाकला तरी नुसता बसून बघतो. मग येऊन सोफ्यावर करतो, गादीवर करतो. मैत्रीच्या पर्समध्ये केली काल. शबाना पण काम सोडून चालली. काय करावं कळंना."

मला आनंद झाला. लपवून काय करू? आणि काय झालंय ते लगेच कळलंही. मी त्या पिल्लाला पेपर शिकवलाच नव्हता, माझा आवाज शिकवला होता. स्टँडवर आवाज दिला की माणसं फलाट शोधायची, ती आवाजानेच हलायची, हीच एक पद्धत मला ठाऊक. तीच त्याला लावली, आणि आवाज गेल्यावर ते बिचारं फलाटासमोर नुसतं बसून राहिलं.

"दुपारची गाडी आहे," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत पोचतो." फोन कानाला धरूनच मी ट्रंक ओढायला लागलो होतो.

"अहो नाही, नाही," आदर्श घाईने म्हणाला. "उन्हात कशाला धावपळ? लुंबिनीची आयडिया आहे. तुम्ही ते स्टँडचं बोलता ना, ते व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड करून टाका फक्त. आम्ही मोबाइलवर लावू."

मी ट्रंकेवर बसलो. इतका राग मला यंत्र आलं तेव्हाही आला नव्हता. म्हणणार होतो, की त्या स्टँडवरच्या बाईलाच विचार, तिचा आवाज भरूनच ठेवलेला आहे. पण तेवढ्यात लुंबिनीने फोन घेतला.

"आबा, करा ना. मम्मी म्हणते, मोमो असाच राहिला तर त्याला परत देऊन टाकायचं."

परत देऊन टाकणं काय असतं, ते मला कुणी सांगायला नको होतं. त्याची तर ट्रंकही नव्हती.

मी दार लावून घेतलं, घसा साफ केला आणि मोबाइल तोंडासमोर धरला. पहिल्यांदा आवाज मध्येच बसला. दुसऱ्यांदा नीट आलं, पण शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "मोमो, आबा बोलतोय रे." ते पुसलं. तेवढं त्यांना लागणार नव्हतं. तिसऱ्यांदा फक्त गाडीचं बोललो आणि पाठवून दिलं.

दुपारी लुंबिनीचा व्हिडिओ आला. माझा आवाज सुरू होताच मोमो ताडकन उठला. पण तो बाल्कनीकडे गेला नाही, आधी माझ्या खोलीच्या दाराशी गेला. आत नवं टेबल दिसत होतं. त्याने टेबलाखालचा कोपरा हुंगला, मागे वळून बघितलं, पुन्हा हुंगला. मग हळूहळू बाल्कनीत जाऊन पेपरवर बसला. खाली आदर्शने अंगठा पाठवला होता. मी तो व्हिडिओ व्यंकटीला दाखवला नाही. एकट्यानेच बघितला, पुन्हा पुन्हा.

त्यानंतर मी रोज फोनची वाट बघायला लागलो. वाटायचं, मोबाइलमधला आवाज किती दिवस पुरेल? कुत्रं आहे, त्याला नाक असतं, आज ना उद्या त्याला कळेल की यात माणूस नाही. मग बोलावतीलच. ट्रंक मी पलंगाखाली ढकलली नव्हती. येता-जाता तिची ठेच लागायची, तरी नाही.

शेवटी मीच फोन केला. व्यंकटीच्या हॉटेलात बसलो होतो, समोर लातूरची गाडी लागलेली. लुंबिनीने उचलला.

"काय म्हणतो मोमो?" मी विचारलं. "ऐकतो का माझं?"

"आबा, मोमो लई हुशार झाला! पप्पांनी मोबाइलवर बघितलं, सवय कशी मोडायची ते. मग रोज तुमचा आवाज थोडा थोडा बारीक केला. आधी हॉलमध्ये ऐकू यायचा, मग नुसता बाल्कनीत, मग एकदम हळू. आज तर लावलाच नाही. तरी गेला पेपरवर, आपला आपला!"

"असं?"

"हो ना. मग पप्पांनी तो मेसेज डिलीट करून टाकला. मोबाइल भरला होता त्यांचा."

तिला वाटलं मी खूश होईन. शिकवलेलं पिल्लू पास झालं होतं, मास्तराने खूशच व्हायला पाहिजे. "शाब्बास," मी म्हणालो. "त्याला अंड्याचा तुकडा दे माझ्याकडून." ती हो म्हणाली आणि क्लासला उशीर झाला म्हणून फोन ठेवून गेली.

समोर ड्रायव्हरने गाडी चालू केली. यंत्रातली बाई बोलायला लागली, लोहा, मालाकोली, अहमदपूर. लोक पिशव्या उचलून दाराशी गेले. व्यंकटी चहाचा ग्लास घेऊन आला.

"काय म्हनते नात? कवा बोलवलं साहेबाला?"

मी ग्लास हातात घेतला. पूर्वी काचेच्या खोलीत बसून जसं सांगायचो, तसंच त्याला सांगितलं.

"लातूर गाडी रद्द झाली आहे."

व्यंकटीने सुटणाऱ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि गल्ल्यावर जाऊन बसला. घरी गेल्यावर मी ट्रंक पलंगाखाली ढकलली.